बूढापाऱ्यातला कुंवार

रायपुरातील विद्यापीठात वर्षभरासाठी पाहुणा प्राध्यापक म्हणून आलो, तेव्हा राहण्याची सोय बूढापाऱ्यातील एका जुन्या घराच्या माडीवर झाली. 'पारा' म्हणजे आपली आळी. नागपूरकडच्या माणसाला 'पुरा' म्हटले की लवकर कळेल. खिडकीतून बूढा तलाव दिसतो. आता त्याचे कागदोपत्री नाव विवेकानंद सरोवर. 1877 साली चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ आपल्या वडिलांच्या कामानिमित्त कुटुंबासह रायपुरास आला आणि सुमारे दोन वर्षे याच पाऱ्यात राहिला, त्याची ही आठवण. लोक मात्र अजून बूढा तलावच म्हणतात.

मराठी माणसाला येथे अगदीच परके वाटू नये अशी व्यवस्था इतिहासाने करून ठेवली आहे. बिंबाजी भोसल्यांनी 1758 पासून पुढे जवळजवळ तीस वर्षे छत्तीसगडचा कारभार पाहिला. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, भोसले गेले; पण त्यांच्यामागून आलेली मराठी घरे राहिली. जवळच तात्यापारा आहे. आमच्या पाऱ्यातल्या शाळेला माधवराव सप्र्यांचे नाव आहे. घरात मराठी बोलणाऱ्या या गृहस्थाने 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. असे असूनही पहिले दोन महिने मी येथे पाहुण्यासारखाच वावरलो. सकाळी तलावाकाठी फिरावे, परत येऊन टिपणे काढावीत, वर्गावर जावे, संध्याकाळी खिडकीत बसावे, असा क्रम होता.

तो मोडला तो दोन माळ्यांमुळे.

तलावाच्या काठी एका कोपऱ्यात बागेचा लहानसा तुकडा आहे. तेथे सकाळी दोघे काम करीत असत. थोरला साठीच्या पुढचा, मरार जातीचा. या जातीचा पिढीजात धंदा भाजीपाला आणि फुले पिकवण्याचा. धाकटा पंचविशीतला. तो थोरल्याला 'कका' म्हणे. थोरला त्याला 'बाबू'. माझी त्यांच्याशी ओळख अशी काही झाली नाही. जवळच्या बाकावर मी बसू लागलो, आणि हळूहळू त्यांना माझी सवय झाली. मी शिकवतो हे कळल्यापासून मी 'गुरुजी' झालो. त्यांची छत्तीसगढी मला प्रथम अर्धीच समजे. नंतर ध्यानात आले की कानाने हिंदीची वाट पाहत राहिल्यामुळे ती समजत नाही; वऱ्हाडीच्या कानाने ऐकली तर पुष्कळशी समजते. पुढे जे संवाद देतो आहे ते बहुतेक माझ्या मराठीत दिले आहेत. त्यांच्या बोलण्यातला गोडवा त्यात उतरलेला नाही.

आश्विन लागला होता. येथे त्याला कुंवार म्हणतात. पाऊस पडून बारा-तेरा दिवस झाले होते. आभाळ धुतल्यासारखे निळे, तलावाच्या पाण्यावर सकाळी विरळ धुके, दुपारी मात्र अंगाची लाही. पाठ्यपुस्तकात शोभावा असा शरद ऋतू. मी सहज म्हणालो, "काय सुंदर दिवस पडलेत!" थोरल्याने खुरपे खाली ठेवले आणि पूर्वेकडे पाहिले. "हथिया म नई गिरिस त कब गिरही?" तो म्हणाला. हथियात पडला नाही तर मग पडणार कधी?

हथिया म्हणजे हस्त नक्षत्र. सप्टेंबरच्या सत्ताविसाव्या तारखेच्या सुमारास सूर्य हस्तात येतो आणि दोन आठवड्यांनी चित्रात जातो. त्या वेळी धान पोटरीतून बाहेर पडत असते. निसवत्या धानाच्या मुळाशी पाणी नसले तर लोंबी येते, पण दाणा भरत नाही. शेत दुरून हिरवे दिसते आणि झोडपायला घेतले की नुसता पळंज हाती लागतो. ज्या निळ्या आभाळाचे मी कौतुक करीत होतो, ते त्या म्हाताऱ्याच्या गावाकडच्या दीड एकरावर पसरलेले संकट होते. त्याने मला तसे बोलून दाखवले नाही. माझ्या वाक्याला उत्तरही दिले नाही. तो पुन्हा खुरपू लागला.

येथे एक कबुली द्यायला हवी. माझा प्रबंध भावकवितेतील ऋतुप्रतिमांवर होता. तौलनिक साहित्याच्या रिवाजानुसार त्यात एक प्रकरण शरदावर होते: एका बाजूला कालिदास, दुसऱ्या बाजूला कीट्स, व्हर्लेन, रिल्के. शरद म्हणजे 'ऑटम' हे समीकरण गृहीत धरूनच मी ते लिहिले. मौखिक परीक्षेच्या वेळी एका वृद्ध परीक्षकांनी विचारले, "तुमच्या शरदात पाने गळतात का हो?" मी म्हणालो, "प्रतीकाच्या पातळीवर गळतात." सगळे हसले, तेही हसले. मला पदवी मिळाली. आमची पाने शिशिरात आणि वसंताच्या तोंडाशी गळतात हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे आणि त्यामुळे एखादे प्रकरण फाडून टाकणे यांत बरेच अंतर असते.

एका शब्दाच्या जागी दुसरा बसवताना आत काय काय दडपले जाते ते पाहण्यासारखे आहे. जर्मनांचा 'हेर्ब्स्ट' आणि इंग्रजांचा 'हार्व्हेस्ट' हे एकाच मुळातले शब्द. म्हणजे तिकडे ऋतूच्या नावातच सुगी आहे. 1819 च्या सप्टेंबरात कीट्सने विंचेस्टरला जी कविता लिहिली, तिच्यात कोठारे भरत आलेली आहेत. आपल्या शरदात कोठार रिकामे असते. आणि तरी वेदकाळच्या माणसाने आयुष्य मोजायला हाच ऋतू घेतला. त्याने शंभर शरद मागितले. विद्यार्थ्यांना मी हे संस्कृतचे सौंदर्यविशेष म्हणून सांगत असे. पण पावसाळ्याअखेरचे ताप, तळाला गेलेली कणगी, आणि पीक घरात यायला अजून महिनाभर अवकाश, एवढ्यातून माणूस जगला तर ते वर्ष त्याने काढले असे धरायचे, हा त्यातला साधा हिशेब असावा असे आता मला वाटते. शरदाला वैद्यांची आई म्हणणारी एक जुनी संस्कृत उक्तीही आहे. रोगी पुरवणारी, या अर्थाने. आमच्या सौंदर्यमीमांसेत ती सहसा उद्धृत होत नाही.

दुसऱ्या दिवशीही पाऊस नव्हता. दोघे शेवंतीच्या कुंड्यांपाशी बसले होते. आषाढात लावलेली रोपे आता हातभर झाली होती. त्यांना कामट्यांचे टेकू दिलेले होते, आणि प्रत्येक फांदीवर एकच कळी ठेवून बाकीच्या नखाने खुडण्याचे काम चालू होते. धाकट्याने तक्रार केली: रस्त्याकडच्या रांगेतल्या कुंड्या नुसत्या पानावर गेल्या आहेत, कळी म्हणून नाही, कन्हार माती जास्त झाली का? कन्हार म्हणजे काळी, चिकण. मटासी म्हणजे पिवळसर, हलकी. कुंडीसाठी त्यांचे प्रमाण राखावे लागते. थोरल्याने मातीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने वर पाहिले. रांगेच्या डोक्यावर उन्हाळ्यात दिव्याचा नवा खांब उभा राहिला होता. "सेवती ल रात चाही, गुरुजी," तो मला म्हणाला. जणू तक्रार माझीच होती.

शेवंतीला रात्र हवी. वनस्पतिशास्त्रात ही गोष्ट 1920 साली गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी मांडली: काही झाडे दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येतात. पुढे असे आढळले की झाड खरोखर मोजते ती रात्रीची सलग लांबी; मध्येच उजेड पडला की त्याचा हिशेब चुकतो. म्हाताऱ्याने ही नावे ऐकलेली नव्हती. त्याच्या बापाने कंदिलाच्या काळात शेवंती लावली, त्याने विजेच्या काळात. दोन्हीतला फरक त्याने पाहिला, इतकेच. त्या दिवशी दोघांनी बावीस कुंड्या उचलून भिंतीच्या अंधाऱ्या बाजूला नेल्या. मीही दोन उचलल्या. तिसऱ्या वेळी धाकट्याने नम्रपणे माझ्या हातातून काढून घेतली.

पलीकडे झेंडूचा वाफा होता. छत्तीसगढीत झेंडूला गोंदा म्हणतात. दाऊ रामचंद्र देशमुखांनी 1971 साली ज्या लोकनाट्याने सारे छत्तीसगड हलवून सोडले, त्याचे नाव 'चंदैनी गोंदा'. दसऱ्याच्या तोरणातले हे फूल इतके आपले वाटते, की ते मूळचे मेक्सिकोकडचे आणि अमेरिका सापडल्यानंतरच आपल्याकडे आले, हे सांगितले तर कुणाला खरे वाटत नाही. दोघांनाही वाटले नाही. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी लोक थडग्यांपासून घरापर्यंत याच फुलांच्या पाकळ्या पसरतात, म्हणजे मेलेल्यांना घरची वाट सापडावी, असे मी पुढे सांगितले. यावर मात्र थोरल्याने मान डोलावली. "पितर पाखात गोंदा एवढा फुलत नाही," तो म्हणाला, "नाहीतर आपणही तसेच केले असते."

मग बोलणे लहानपणाकडे वळले. आरंभ धाकट्याने केला. हरेलीला आपण गेडीवर चढून तलावाच्या काठाने कसे धावत असू, हे तो सांगू लागला; बांबूच्या त्या उंच पावट्यांची कचकच त्याने तोंडाने काढून दाखवली. पोळ्याला मातीचा नंदिया बैल, त्याला मातीचीच चाके. ठेठरी आणि खुरमी. मी तान्ह्या पोळ्याची गोष्ट सांगितली. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. आमच्या गावातही नेत. धाकट्याला लाकडी बैलाचे नवल वाटले. त्यापेक्षा बैलाला ओवाळणी म्हणून पैसे मिळतात याचे अधिक वाटले.

थोरला बराच वेळ ऐकत होता. मग त्याने आपल्या कुंवाराची गोष्ट सांगितली. कोठीतले धान संपलेले असे. आई दुपारी पेज करी. तिच्यात शिते मोजून घ्यावीत. घराजवळच्या उंचवट्यावर थोडे हरुना धान, म्हणजे लवकर येणारे, पेरलेले असे, आणि साऱ्या घराचा जीव त्या तुकड्यात अडकलेला. ते पिकू लागले की राघू येत. थव्यांनी येत, हिरव्यात हिरवे, बसले की दिसत नसत. राघू हाकलायला मुलांना बसवीत. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी डबा वाजवी. घसा बसे. एकदा झोप लागली. उठलो तर अर्ध्या लोंब्या रिकाम्या. बापाने मारले नाही. त्या रात्री तो जेवलाच नाही."

धाकटा हसत म्हणाला, "आणि कातिकात त्याच राघूला डोक्यावर घेऊन नाचायचे!"

हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत येथे बायका-मुली सुवा नाचतात. टोपलीत धान भरायचे, त्यावर मातीचा राघू बसवायचा, टोपली अंगणात मध्यभागी ठेवायची, आणि भोवती वाकून टाळ्या वाजवीत गोल फिरायचे. गाणे राघूलाच उद्देशून, त्याने निरोप न्यावा म्हणून. सुवागीतांवर मी वाचलेले होते, वर्गात बोललोही होतो: दूतकाव्याची परंपरा, पक्षी-दूत, स्त्रियांचे विरहगीत. ज्या पाखराने मुलाच्या तोंडचा घास नेला, तेच महिन्याभराने धानाच्या राशीवर बसवायचे, हे मात्र वाचलेले नव्हते. मी थोरल्याला विचारले, असे का? त्याने खांदे उडवले. "तेव्हा धान घरात आलेले असते ना."

दूतकाव्याचा विषय निघालाच म्हणून मी त्यांना मेघदूताची गोष्ट सांगितली. यक्षाचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असा महामहोपाध्याय मिराशींचा पक्ष. सरगुज्यातले रामगढ, असा इकडच्या अभिमान्यांचा. त्या वादात मी पडलो नाही. एवढेच सांगितले की यक्षाचा शाप विष्णू शेषशय्येवरून उठला की संपतो. "जेठौनीला!" धाकटा म्हणाला. कार्तिकातली प्रबोधिनी एकादशी. येथे तिला जेठौनी म्हणतात, उसाचा मांडव घालून तुळशीचे लग्न लावतात. "म्हणजे आषाढ ते कातिक. चार महिने कामावर अडकलेला माणूस," धाकटा म्हणाला. "सुट्टी मागायची होती." थोरला म्हणाला, "घरी जाऊन खाल्ले काय असते? धान कापल्यावरच सोडले त्याला. मालक शहाणा होता."

कालिदासावर इतके लिहिले गेले आहे. हे भाष्य माझ्या वाचनात नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. थोरल्याच्या राघूंनी माझ्या एका गोष्टीला हात घातला होता.

आमच्याकडे वऱ्हाडात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा. संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत. पश्चिम महाराष्ट्रातला हादगा किंवा भोंडला तो हाच नव्हे, पण त्याचा जवळचा नातलग. तेथे हस्ताचा हत्ती मध्ये असतो, येथे शिवपार्वती. खिरापतीचा नियम मात्र दोन्हीकडे एक: ती झाकलेल्या डब्यात असते, डबा हलवून दाखवायचा, आणि बाकीच्या मुलींनी ओळखायची. जिची खिरापत ओळखली जात नाही तिचा त्या दिवशी मान. हा खेळ मुलींचा. मुलांना गाण्यात जागा नव्हती. मी डबा धरून ताईच्या मागे उभा राहत असे.

मी आठ वर्षांचा असतानाची गोष्ट. वडील ज्या गिरणीत कामाला होते ती उन्हाळ्यापासून बंद होती. घरात काय चालले आहे हे मला कळत नव्हते. ताईला कळत होते, ती तेरा वर्षांची होती. आमच्या घरची पाळी आली. कुणाकडे बर्फी झाली होती, कुणाकडे करंज्या. ताईने दुपारी चिंचोके भाजले, मिठाच्या पाण्यात भिजवले, वाळवले, आणि पितळी डब्यात घातले. मला म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. हे कुणी ओळखणार नाही बघ." आणि खरेच, डबा हलवला तर आवाज असा, की खडीसाखर म्हणावी की बदाम, काही समजू नये. त्या आवाजात आमच्या घरची अब्रू होती. हे मी आज म्हणतो. तेव्हा शेजारच्या एका मुलीने तिच्याकडची उरलेली बर्फी देऊ केली, आणि मी सांगून टाकले.

संध्याकाळी गाणी झाली. ताईने डबा हलवला. दोघीतिघींनी मुद्दाम चुकीची नावे घेतली, बदाम, शेंगदाणे, आणि मग सगळ्या मिळून ओरडल्या, "चिंचोके!" हसणे बराच वेळ चालले. ताईही हसली. तिने सगळ्यांना मूठ मूठ वाटले, आणि प्रत्येकीने खाल्लेही. पुढच्या वर्षी तिने भुलाबाई मांडली नाही. आता मी मोठी झाले, म्हणाली. कुणी सांगितले, असे तिने मला त्या दिवशी विचारले नाही, नंतरही कधी नाही. नंतर गिरणी सुरू झाली नाही, पण वडिलांना दुसरे काम मिळाले. ताईचे लग्न झाले, मी शिकायला बाहेर पडलो. दुर्गाबाईंच्या 'ऋतुचक्रा'ची माझ्याजवळची प्रत तिनेच मला दिली आहे, माझ्या बी. ए.च्या वर्षी. दोन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आजारात मी आठ दिवस तिच्या उशाशी होतो. एका दुपारी तिने स्वतःच भुलाबाईचा विषय काढला, गाण्यांच्या चाली गुणगुणली. तेव्हा सांगता आले असते. मी चहा करायला उठलो.

माझ्या प्रबंधाच्या त्या प्रकरणात भोंडला, हादगा, भुलाबाई यांना एक तळटीप आहे. "शरद ऋतूतील समृद्धीचे लोकोत्सव" असे तीत म्हटले आहे.

हस्त संपायला दोन दिवस उरले असताना दुपारी तीनच्या सुमारास पाऊस आला. प्रथम तलाव काळा पडला, मग खिडकीचे गज वाजू लागले. तासभर पडला, थांबला, रात्री पुन्हा पडला. सकाळी बागेत गेलो तर थोरला नव्हता. गावी शेत पाहायला गेला होता. धाकटा एकटाच कुंड्यांतले साचलेले पाणी वाकवून काढीत होता. "ककाचे धान वाचले," तो म्हणाला. सगळे नाही, हे पुढे चार दिवसांनी थोरल्याकडून कळले. बांधाकडचा एक तुकडा पळंजच गेला होता. पण ते त्याने जेवणातले मीठ कमी झाल्यासारखे सांगितले.

कार्तिक लागल्यावर एका संध्याकाळी आमच्या अंगणात सुवा नाचणाऱ्या आल्या. पाच-सहा बायका, दोन लहान मुली. टोपली खाली ठेवली. राघू हिरव्या रंगाचा, चोच लाल, एका बाजूला किंचित कललेला. त्या वाकून, टाळ्या देत, पावले ओढीत फिरू लागल्या. घरमालकीणबाईंनी सुपातून तांदूळ आणले. मी वरून उतरलो. माझ्याजवळ पाकिटातले पैसे होते, ते देणे बरे दिसेना. पुन्हा माडी चढून डब्यातले तांदूळ वाडगाभर आणले. धाकटी मुलगी टोपली घेऊन पुढे आली. मी तांदूळ ओतू लागलो तेव्हा तिने राघूवर हात धरला, दाणे त्याच्या अंगावर पडू नयेत म्हणून.

बावीस कुंड्यांपैकी बहुतेकींना मार्गशीर्षात कळ्या आल्या. बाकी शेवंतीपेक्षा तीन आठवडे उशिरा. खांबाच्या अगदी खाली असलेली एक तशीच पानावर राहिली होती. थोरल्याने ती मला देऊन टाकली. माझ्या माडीच्या मागच्या बाजूला एक बोळ आहे, तेथे दिवा नाही. कुंडी मी तेथे ठेवली आहे.